मामाची बुलेट : सव्वातीन वर्षं आणि सात मिलिमीटर

फेब्रुवारी २०२२ मधली संध्याकाळ. कोल्हापुरात कळंबा रोडवर गाडी पहिल्यांदा पन्नासच्या वर नेली आणि हँडल डाव्या हाताला ओढायला लागलं. झटका नाही, थरथर नाही. लहान मुलानं बोट धरून ओढावं तशी सलग ओढ. अडीच वर्षं जिन्याखालच्या सात बाय चारच्या जागेत जोडलेली गाडी रस्त्यावर आली होती आणि सरळ चालत नव्हती. घरी येऊन मागच्या टायरला सुतळी गुंडाळली, दोन्ही टोकं पुढच्या चाकापर्यंत ताणली आणि स्टीलची पट्टी लावली. मागचं चाक पुढच्याच्या रेषेपासून सात मिलिमीटर उजवीकडे होतं.

या सात मिलिमीटरचं मूळ शोधताना मला माझी सगळी जोडणी उलट क्रमाने तपासावी लागली. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे. घरी, सवडीनं, वेगवेगळ्या गाड्यांचे भाग घेऊन मोटारसायकल उभी करणाऱ्याला कुठे थांबून मोजावं लागतं, याचा हा माझ्यापुरता हिशेब आहे.

गाडी मामांची. १९८७ ची ३५० सीसी बुलेट, कास्ट आयर्न सिलिंडरचं इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. मामा पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखलीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला जो पूर आला त्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी पंचावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे ४३ फूट आहे. माणसं आणि जनावरं बाहेर काढता काढता गाडी गोठ्यातच राहिली. पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा पाण्याखाली होता, तिथे गाडीचं कोण बघणार. पाणी उतरल्यावर मामांचा फोन आला : "पाणी ओसरलंय, गाडी दिसायला लागलीया. बघायला येणार काय?"

मी लगेच गेलो नाही, आणि ही या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक. घराघरातला गाळ उपसायचं काम होतं, गाडीला कोण हात लावणार असा विचार केला. प्रत्यक्ष इंजिन उघडलं ते पाणी ओसरून चोवीस दिवसांनी. पाण्याखाली असताना लोखंड तितकं गंजत नाही जितकं पाणी उतरल्यावर, ओलावा आणि हवा दोन्ही मिळाल्यावर गंजतं. त्याच दिवशी ड्रेन बोल्ट काढून पाणी सोडलं असतं, प्लग काढून इंजिन आणि गिअरबॉक्स डिझेलनं काठोकाठ भरून ठेवले असते, तर क्रँक, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवणारा दांडा, बहुतेक वाचली असती. मामांनी किक मारून पाहिली होती, ती बसली नाही. हे एक बरं झालं. सिलिंडरमध्ये पाणी असताना किक किंवा धक्का मारून इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पुरात बुडालेली बुलेट आतून कशी दिसते ते सांगतो. टाकीत तळाला नदीचा काळा गाळ, वर पेट्रोलचा पातळ थर. क्रँककेसमध्ये चहासारखं पाणी. पिस्टन बोअरमध्ये जाम. तो सुटायला अकरा दिवस लागले, रोज डिझेल आणि ऑईलचं मिश्रण ओतायचं आणि लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायचे. बोअरच्या भिंतीवर, पिस्टन जिथे थांबला होता तिथे, रिंगांची अगदी स्पष्ट गंजलेली छापं. गिअरबॉक्सचे दाते खड्डे पडून मक्याच्या कणसासारखे झालेले. मामा म्हणाले, भंगारात देऊ. मी म्हणालो, कागद दाखवा.

हे मुद्दाम सांगतो, कारण घरी गाडी जोडणारे बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात आणि कागदांपाशी येऊन अडकतात. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि निर्मात्यानं ठरवलेली मूळ रचना यांत तफावत पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी लागते. रंगसुद्धा आरसीवर लिहिलेला असतो, तो बदलला तर नोंद करून घ्यावी लागते. मामांच्या आरसीवर चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि 'काळा' हे तीन शब्द होते. माझ्या मनात गडद हिरवा रंग होता. तो त्याच दिवशी सोडला. चॅसी नंबर जिच्यावर आहे ती चॅसी आणि इंजिन नंबर ठोकलेली, क्रँक जिच्यात फिरते ती केसिंग, या दोन गोष्टी हलणार नाहीत. बाकी सगळं त्यांच्याभोवती जमवायचं.

बुलेटच्या बाबतीत ते जमतं, कारण १९५५ पासून मद्रासमध्ये ही गाडी बनायला लागली आणि पुढची कित्येक दशकं तिचा सांगाडा फारसा बदललाच नाही. गिअरबॉक्स इंजिनाला मागून बोल्टनं जोडलेला, वेगळा. त्यामुळे वीस वर्षांच्या अंतरावरचे भाग एकमेकांना ओळखतात. पण 'बसतात' आणि 'जुळतात' यांत फरक आहे. तो फरक पहिल्यांदा केसिंगनं शिकवला.

केसिंगच्या दोन भागांपैकी, इंजिन नंबर नसलेल्या भागाला बेअरिंगच्या घराजवळ तडा होता. पुण्याला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, जो रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे मला तसाच दुसरा अर्धा भाग मिळाला. स्वच्छ, बिनतड्याचा. घरी आणून बेअरिंगं घातली, क्रँक ठेवली, बोल्ट आवळले. क्रँक हातानं फिरेना. ढिले केले की फिरते, आवळले की घट्ट. दोन दिवस मी बेअरिंगांना दोष देत होतो. शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका टर्नरकाकांकडे नेली. त्यांनी केसिंग उघडलीसुद्धा नाही. दोन्ही भागांवर ठोकलेले जोडीचे आकडे बोटानं दाखवले आणि म्हणाले, "नवरा एका घरचा, बायको दुसऱ्याची, आन् बोअर मात्र एकत्र मारल्यालं असतंय." कारखान्यात दोन्ही अर्धे भाग एकत्र बांधून त्यांची भोकं कापतात. म्हणून ती जोडी कायमची. दुसऱ्या गाडीचा अर्धा लावला की दोन बाजूंच्या बेअरिंगांची मध्यरेषा काही थाऊंनी (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) चुकते आणि क्रँक त्या दोघांत अडकते.

जुन्या बाजारातला भाग आजही माझ्याकडे पडून आहे. तडा गेलेल्या मूळ भागालाच आर्गन वेल्डिंग करून घेतलं, वर आलेलं ॲल्युमिनिअम घासून पातळीत आणलं. क्रँक आवळल्यावर तेलात फिरावी तशी फिरली.

क्रँकचं कामही टर्नरकाकांनीच केलं. मूळ बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, फ्लोटिंग बुश होता. त्याला आणि क्रँकपिनला गंजानं खड्डे पडलेले. आम्ही रोलरचा कनेक्टिंग रॉड सेट बसवला. प्रेसवर दाबल्यानंतर क्रँक लेथवर सेंटरांत धरून वाकडेपणा मोजणारा डायल लावला, तर काटा नऊ थाऊ हलत होता. मग तांब्याच्या हातोडीनं फ्लायव्हीलच्या कडेवर मोजून ठोके. ठोका, डायल, ठोका, डायल. पाऊण तासात दोन थाऊवर आणला. त्या पाऊण तासाचे त्यांनी दीडशे रुपये घेतले. उद्यमनगरात अशी माणसं अजून आहेत हे या शहराचं भाग्य आहे. ऑईल इंजिनांच्या काळात ज्यांचे हात तयार झाले त्यांना डायलचा काटा बघण्याआधीच कान सांगतो.

बोअरचे खड्डे वीस थाऊ कापून जाईनात, म्हणून चाळीस थाऊ ओव्हरसाईझ पिस्टन. बोअर सत्तरचा एकाहत्तर मिलिमीटर झाला, म्हणजे ३४६ सीसीचं इंजिन हिशेबानं ३५६ वर गेलं. पिस्टनला चार थाऊची फट ठेवली. वेल्ड केलेल्या केसिंगमध्ये बेअरिंगं बसवायची पद्धत मात्र आमच्या घरची. बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी बंब पेटवून उकळतं पाणी मोठ्या घमेल्यात, त्यात केसिंग बुडवून ठेवली, बाहेर काढून झटकन पुसली आणि बेअरिंग वर ठेवलं. हातोडी न लागता ते आपल्या वजनानं घरात उतरलं. टक् असा एकच आवाज. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिची जुनी परात मी तेल गाळायला घेतली होती आणि लोणच्याच्या सहा बरण्यांत नटबोल्ट होते, तरी त्या दिवसापासून तिनं बरण्या परत मागितल्या नाहीत.

मार्च २०२० ला टाळेबंदी आली. लेथ बंद, ब्लास्टिंग बंद. त्या महिन्यांत मी चोपडी लिहिली : कुठला बोल्ट कुठून काढला, किती लांब, कुठल्या आट्याचा. जुन्या बुलेटवर इंची आटे असतात, नंतरच्या गाड्यांचे भाग मिलिमीटरवाले. दोन्ही एका बरणीत गेले की आटे मरण्याची हमी. बरण्यांना लाल आणि निळे दोरे बांधले.

चॅसी सँड ब्लास्टिंगला देताना चॅसी नंबरवर कापडी टेपचे सहा थर आणि त्यावर कापलेली सायकलची ट्यूब बांधली. वाळूच्या माऱ्यात आकडे पुसट झाले तर गाडी कितीही चांगली बनो, ती कुणाची आहे हे सिद्ध करता येत नाही. पावडर कोटिंगच्या वेळीही तीच जागा झाकली, नाहीतर जाड रंगानं आकडे बुजतात. तेवढ्या चौकोनाला मी हातानं पातळ काळा रंग लावला.

गिअरबॉक्स नवा घ्यायचा नव्हता, जुन्याचे दाते गेलेले. त्याच कंपनीच्या नंतरच्या बुलेटचा पाच गिअरचा, डाव्या पायाचा बॉक्स चांगल्या स्थितीत मिळाला. आरसीवर गिअरबॉक्सचा उल्लेख नसतो. चार गिअरच्या गाडीला पाचवा मिळेल, हायवेला इंजिन निवांत फिरेल, असा विचार. गिअर डावीकडे गेला की ब्रेक उजवीकडे न्यावा लागतो आणि मागचा ड्रम तर डावीकडेच, म्हणून चॅसीखालून ब्रेकची आडवी दांडी टाकली. हे दोन वाक्यांत लिहिलं, पण पावसाळा गेला त्यात. पुढच्या ब्रेकला मात्र डिस्क टाळून दोन कॅमचा सात इंची ड्रम लावला. तो जुन्या फोर्कमध्ये काही न कापता बसतो आणि सिंगल कॅमपेक्षा खूप चांगला धरतो.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा चढली. मामा, मामी आणि तीन म्हशी सोनतळीला. मामांनी तिथून फोनवर विचारलं, "गाडी उंचावर हाय न्हवं?" इंजिन तेव्हा माझ्या माळ्यावर, गोधडीत गुंडाळलेलं होतं. डिसेंबरात ते सुरू झालं. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची फट १५ थाऊ, आणि पिस्टन वर पोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट सुटायला हवेत. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा, तो जिथे अलगद सुटतो ती जागा. चौथ्या किकला लागलं.

आणि मग फेब्रुवारीतली ती ओढ.

मागचा टायर मी ३.५० चा घातला होता, पुढचा ३.२५. म्हणजे मागचा सुमारे सहा मिलिमीटर रुंद. मागच्या टायरला टेकवून ताणलेल्या सुतळीत आणि पुढच्या टायरात दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर फट यायला हवी. मला उजवीकडे दहा मिळाली, आणि डावीकडे सुतळी पुढच्या टायरला घासून वाकलेली. म्हणून सात.

पहिला उपाय मी तोच केला जो कुणीही करेल. मागच्या ॲक्सलवरचा स्पेसर उजवीकडे वाढवला, डावीकडे तेवढाच कमी केला, चाक सात मिलिमीटर डावीकडे सरकवलं. सुतळी दोन्हीकडे तीन-तीन. रस्त्यावर ओढ गेली. मी खूश. एकशे साठ किलोमीटरनंतर चेन करकरायला लागली. मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, दात्यांची एक बाजू चांदीसारखी चमकत होती, दुसरी काळीच. चेन एका अंगानं घासत होती. पट्टी मागच्या स्प्रॉकेटला टेकवून पुढे गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटपर्यंत नेली : मागचा चार मिलिमीटर बाहेर, डावीकडे.

इथे मी हत्यारं ठेवून दिली आणि दोन दिवस फक्त चोपडीत आकृत्या काढल्या. बुलेटचा मागचा स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमचाच भाग, ड्रम हबवर. चाक सरकवलं की स्प्रॉकेटही सरकतो. म्हणजे चाकाची रेषा सुधारताना मी चेनची रेषा बिघडवली होती. दोन रेषा होत्या आणि मी एकच मोजत होतो.

मग प्रश्न वेगळा विचारला : यातलं काय हलू शकत नाही? गिअरबॉक्सचा स्प्रॉकेट. तो शाफ्टवर जिथे आहे तिथेच राहणार. म्हणजे मागच्या स्प्रॉकेटची जागा तो ठरवतो, आणि स्प्रॉकेटमुळे हबची जागाही ठरते. हब तिथे पक्का झाला की चाक मध्यावर आणायला एकच गोष्ट उरते, रिम. आणि रिम हबवर स्पोकांनी टांगलेली आहे, ती ओढता येते.

आता आकडे बरोबर बसले. सुरुवातीला, मी स्पेसरला हात लावण्याआधी, स्प्रॉकेट तीन मिलिमीटर आत, उजवीकडे होता. मी सात डावीकडे नेला म्हणून चार बाहेर गेला. म्हणजे हब मूळ जागेवरून फक्त तीन मिलिमीटर डावीकडे हवा होता, आणि उरलेले चार रिमचे होते. चुका दोन होत्या. हब दुसऱ्या साली बनलेल्या गाडीचा होता आणि त्याचे स्पेसर मी अंदाजानं कापले होते, त्याचे तीन. रिम मी एका ठिकाणी बांधायला दिली होती; तिथे ती हबच्या दोन कडांच्या बरोबर मध्ये बांधली गेली. गाडीच्या मध्यरेषेचं मापच मी त्यांना दिलं नव्हतं, त्याचे चार. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, म्हणून सुतळीवर त्या एकच होऊन दिसल्या.

स्पेसर नीट मापानं टर्नरकाकांकडून करून घेतले. रिमचं काम घरी केलं. चाक स्विंग आर्ममध्येच ठेवून, सायकलचा जुना स्पोक बांधून त्याचं टोक रिमजवळ आणलं, हा दर्शक काटा. चाळीस स्पोक, वीस उजवीकडच्या कडेचे, वीस डावीकडचे. उजवे पाव आटा सैल, डावे पाव आटा घट्ट, पूर्ण एक फेरी. मग मोजायचं. मग पुढची फेरी. एकदम अर्धा आटा दिला की रिम पिळते आणि आऊट, म्हणजे फिरताना रिमचं डुलणं, वाढतो. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी रिम चार मिलिमीटर डावीकडे आली, आऊट एक मिलिमीटरच्या आत. सुतळी तीन-तीन, चेनवर पट्टी सपाट. पुढच्या फेरीत कळंबा तलावापर्यंत मी दोन्ही हात हँडलवर नुसते टेकवून गेलो.

मे २०२२ मध्ये गाडी आरटीओत नेली, कारण नोंदणीची मुदत जूनमध्ये संपत होती : पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क त्याच एप्रिलपासून तीनशेचं हजार झालं होतं. निरीक्षकांनी चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली. आकडे एकेक करून उमटले. सहा थर टेपचं सार्थक झालं. इंजिनावरचा नंबर पाहिला, रंग पाहिला, दिवे, हॉर्न, ब्रेक. पास.

रनिंग-इन, म्हणजे सुरुवातीचं सावकाश चालवणं, पूर्ण करून पाडव्याच्या दिवशी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, गाडी चिखलीला नेली. चोपडीतला एकूण खर्च ९१,४०० रुपये. मामींनी ओवाळलं. मामांनी टाकीवरून हात फिरवला, काही बोलले नाहीत, किक मारली आणि गल्लीतून निघाले.

वळणावर वासरू आडवं आलं. मामांचा डावा पाय खाली गेला. पस्तीस वर्षं तिथे ब्रेक होता. आता तिथे गिअर होता. गाडीनं खालचा गिअर घेतला, मागचं चाक किंचाळलं. मामांनी पुढचा ब्रेक आवळला तेव्हा गाडी वासरापासून हातभर अंतरावर थांबली. दोन कॅमच्या त्या ड्रमनं वाचवलं. मामा उतरले, गाडी स्टँडवर लावली. त्यांचा हात थरथरत होता. म्हणाले, "गाडी लई ग्वाड झालीया. पर हिच्यावर बसायला मला नवा पाय आणाय पाहिजे."

चॅसी, केसिंग, स्प्रॉकेट. न हलणाऱ्या गोष्टींची यादी मी चोपडीच्या पहिल्या पानावर लिहिली होती. त्यात मामांचा पाय नव्हता. गाडी त्यांची, चालवणार ते, आणि तीन वर्षांत त्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं की गिअर कुठल्या पायाला हवा.

त्याच संध्याकाळी गाडी परत कळंब्याला आणली. जुन्या चार गिअरच्या बॉक्सचं घर मी साफ करून, तेल लावून ठेवलं होतं. त्याचे दाते तेवढे गेले होते. जानेवारीत जुन्या बाजारात उजव्या पायाच्या बॉक्सचा गिअर सेट मिळाला. बसवला, खालची आडवी दांडी काढली, ब्रेक डावीकडे आणला. मागच्या टायरला सुतळी पुन्हा गुंडाळली, पट्टी पुन्हा स्प्रॉकेटला लावली. मामा या वेळी शेजारी पाटावर बसले होते आणि सुतळीचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं.